डोकी कमी पडतात

मोठ्या पातेल्याएवढं प्लॅस्टिकचं कडं, त्याच्या काठानं उभ्या केलेल्या आकड्याच्या सुया आणि बाजूला एक हँडल, एवढाच या यंत्राचा संसार. हँडल फिरवलं की सुयांचं कडं फिरतं, सुया पाळीपाळीनं वर येतात, समोर आलेला धागा आकड्यात धरून खाली जातात, आणि कड्याच्या पोटातून लोकरीची विणलेली नळी लोंबू लागते. वीज लागत नाही, शिकवणी लागत नाही, टाके मोजावे लागत नाहीत. फेऱ्या मोजायला बाजूला एक आकडा फिरत असतो. जर्मनीतल्या आल्टेना गावी १८२९ पासून चालत आलेल्या कारखान्याचं ‘आडी’ ४६ सुयांचं, चिनी बनावटीचं ‘सेन्ट्रो’ ४८ सुयांचं. ही यंत्रं घेऊन युरोप-अमेरिकेतली आणि आता आपल्याकडचीही हौशी माणसं प्रामुख्यानं एकच वस्तू करतात, ती म्हणजे टोपी. एक, दोन, दहा नव्हे, कपाट भरेपर्यंत. विणण्याचा वेग वाढावा म्हणून माणूस चारशे वर्षं खटपट करत आला आणि अखेर तो वेग प्लॅस्टिकच्या एका कड्यात बसवून टेबलावर आणून ठेवला, याचं कौतुक कोणालाही वाटेल. माझं म्हणणं एवढंच की टोप्यांच्या बाबतीत अडचण वेगाची कधी नव्हतीच. अडचण डोक्यांची होती, आणि त्यावर अजून कोणी यंत्र काढलेलं नाही.

मुळात टोपीच का, हे आधी पाहायला हवं. टोपीची गरज होती म्हणून यंत्र आलं, असा आपला भाबडा समज असतो. प्रत्यक्षात यंत्राला फक्त नळी येते आणि त्या नळीचं काय करायचं, हा प्रश्न माणसावर सोडलेला आहे. शरीरात नळीच्या आकाराचे अवयव मोजकेच. पायाला टाच असते, आणि मोज्याची टाच वळवायची तर अर्ध्या सुया थांबवून उरलेल्यांवर मागेपुढे जावं लागतं; जुन्या लोखंडी मोजा-यंत्रांना ते जमायचं, या प्लॅस्टिकच्या भावंडाला जमत नाही. बाहीला पुढे स्वेटर लागतो. गळ्याला गुंडाळायला नळी चालते, पण गळा डोक्याएवढा मानाचा नाही. उरलं डोकं. डोक्याला टाच नसते. यंत्रानं टोपी निवडली ती एवढ्याच कारणानं.

बरं, निवडली तर निवडली, पण ती तरी धड जमते का? हातानं विणणारी बाई टोपीची पट्टी दोन सुलट, दोन उलट अशी घालते. त्यामुळे ती ताणते आणि कपाळाला धरून बसते. या यंत्राला उलट टाका येत नाही. सगळे सुलट. आणि नुसत्या सुलट विणीचा धर्मच असा की मोकळी सोडलेली कड गुंडाळी करत वर चढते. यावर उपाय म्हणून टोपीच्या दुप्पट लांबीची नळी विणायची, तिची दोन्ही तोंडं चुण्या घालून आवळायची, आणि निम्मी नळी उरलेल्या निम्मीच्या पोटात ढकलायची. झाली दुहेरी टोपी. ‘डबल आहे, ऊबदार आहे’ असं तिचं कौतुक होतं. खरी गोष्ट अशी की यंत्राला पट्टी जमत नाही म्हणून एका डोक्यासाठी दोन टोप्यांची लोकर गेलेली असते. शेंडा कितीही ओढून बांधला तरी मधोमध भोक राहतं, म्हणून वर गोंडा लावायचा. गोंडा ही शोभा आहे असं मानणाऱ्यांनी एकदा तो उचलून पाहावा. मापाचं तर बोलायलाच नको. सुया अठ्ठेचाळीस म्हणजे अठ्ठेचाळीस. त्यातल्या काही गाळल्या तर नळी होत नाही, सपाट पट्टा होतो, त्यासाठी वेगळा खटका आहे. बावीस सुयांचं धाकटं यंत्र मिळतं, पण त्याची नळी बाहुलीच्या डोक्याला किंवा मोठ्या माणसाच्या मनगटाला बरी. त्यामुळे टोपी लहान-मोठी करायची तर लोकर बारीक-जाड घेणं एवढंच हाती राहतं. शिंपी आधी माणूस मोजतो. इथे टोपी आधी होते आणि मग तिच्या मापाचं डोकं शोधायला निघावं लागतं.

आता ज्या वेगासाठी हे सगळं सोसायचं, त्याचा हिशेब करू. अशा दुहेरी टोपीला साधारण १२० फेऱ्या लागतात. ४८ सुया धरल्या तर ५,७६० टाके. सराईत हात मिनिटाला तीस टाके घालतो असं धरलं, तर तीन तासांच्या वर काम झालं. यंत्रावर हेच चहा पीत, हँडल निवांत फिरवत, अर्ध्या तासात उरकतं. इथपर्यंत यंत्राचा विजय आहे. पण हँडलाला हात लावण्याआधी लोकरीची लडी सोडवून सैल गुंडा करावा लागतो, कारण धागा जरा ताणला की सुई तो धरायला विसरते. पहिल्या फेरीला धागा एका सुईच्या पुढून, दुसरीच्या मागून असा हातानं फिरवायचा. त्यावर काही फेऱ्या वेगळ्या रंगाच्या टाकाऊ लोकरीच्या घालायच्या, मग खऱ्या लोकरीच्या, शेवटी पुन्हा टाकाऊ. नळी उतरली की मोठ्या नाकाची सुई घेऊन एका तोंडाचे अठ्ठेचाळीस आणि दुसऱ्या तोंडाचे अठ्ठेचाळीस जिवंत टाके एकेक करून ओवायचे, टाकाऊ लोकर उसवून काढायची, तोंडं आवळायची, गाठी मारायच्या, टोकं आत लपवायची. मधल्या एखाद्या फेरीला एक टाका जरी सुटला असला तरी तो तिथे थांबत नाही. नळी ओढली की शिडीसारखा पायरी पायरीनं खाली पळत जातो, आणि क्रोशाची सुई घेऊन त्याला परत वर चढवण्यात अर्धी संध्याकाळ जाते. यातलं एकही काम यंत्र करत नाही. टाके घालणं हे विणकामातलं सुखाचं काम होतं: टीव्ही बघत, गप्पा मारत, सासूच्या बोलण्याला हुंकार देत करता येणारं. यंत्रानं नेमकं तेच काढून घेतलं, आणि टोकं लपवण्याचं काम, जे आजवर कोणीही हसत केलेलं नाही, ते माणसाकडे ठेवलं. एवढ्यावरही समाधान न झालेली मंडळी आहेत. ती हँडल काढून तिथे भिंतीला भोकं पाडायचं ड्रिल जोडतात. त्यासाठीचे जोड विकतही मिळतात. म्हणजे या सबंध कामातला जो एकच भाग आधीच वेगवान होता, तो आणखी वेगवान झाला.

डोकी कमी पडतात हा काही आजचा शोध नाही. त्याला कायद्याचा पुरावा आहे. इंग्लंडात १५७१ साली, पहिल्या एलिझाबेथ राणीच्या राज्यात, संसदेनं कायदा केला की सहा वर्षांवरच्या प्रत्येकानं रविवारी आणि सणासुदीला इंग्लंडात विणलेली लोकरी टोपी घातलीच पाहिजे. न घातल्यास दिवसाला तीन शिलिंग चार पेन्स दंड. बडे लोक वगळले होते, हे सांगायला नकोच. हा कायदा थंडीसाठी नव्हता. फॅशन बदलली होती, विणलेल्या टोप्या खपत नव्हत्या, टोपीवाल्यांचे हाल चालले होते. तेव्हा सरकारनं टोप्या कमी करण्याऐवजी डोकी सक्तीनं पुरवायचं ठरवलं. लोकांनी कायदा फारसा मनावर घेतला नाही आणि १५९७ मध्ये तो गुंडाळावा लागला. गंमत अशी की हा कायदा अमलात असतानाच, १५८९ साली, नॉटिंगहॅमशायरमधल्या कॅल्व्हर्टन गावच्या विल्यम ली नावाच्या पाद्र्यानं विणण्याचं पहिलं यंत्र बनवलं. आहेत त्या टोप्या घालायला लोक दंडाच्या धाकानंही तयार नाहीत, अशा देशात त्यानं विणण्याचा वेग वाढवला. राणीनं त्याला पेटंट दिलं नाही. गरीब विणणाऱ्यांचं पोट मारलं जाईल असं ती म्हणाल्याचं सांगतात. तिला यंत्रशास्त्र कळत नव्हतं अशी टीका पुढे बरीच झाली, पण टोपीवाल्यांचं गाऱ्हाणं ऐकून घेतलेल्या बाईला बाजार कळत होता, हे मान्य करायला हवं. पुढे १८११ मध्ये त्याच नॉटिंगहॅमशायरात लोकांनी मोज्यांचे माग फोडले. तेव्हाही राग नुसत्या यंत्रावर नव्हता. रुंद कापड विणून, त्यातून मोजे कापून, शिवून, उसवणारा माल बाजारात ओतला जात होता यावर होता. त्यानंतर पाचच वर्षांनी, १८१६ साली, मार्क ब्रुनेलनं गोल विणण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं, आणि १८४७ मध्ये मॅथ्यू टाउनसेंडनं झुलत्या जिभेची सुई आणली. नळीचा जन्म तिथला.

यावर कोणी म्हणेल, मग चरखा, माग, शिवणयंत्र, सगळ्याच यंत्रांवर आक्षेप घ्या. छे, तसं नाही. अडलेल्या जागी यंत्र आलं तर त्याच्याइतकं उपकारक काही नाही. एका विणकराचा माग चालता ठेवायला कित्येक कातणाऱ्यांचं सूत लागायचं. अडत होतं ते कातण्यापाशी. म्हणूनच १९२९ साली चरखा संघानं सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं, त्या काळचे एक लाख, आणि ते शेवटपर्यंत कोणालाच मिळालं नाही. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यानंही त्यासाठी चरखा तयार केला होता. खटपट व्यर्थ गेली असेल, पण प्रश्न खरा होता. तसाच पहिल्या महायुद्धातला मोज्यांचा प्रश्न खरा होता. खंदकात सैनिकांचे पाय दिवसचे दिवस चिखलपाण्यात राहून सडत होते, कोरडे मोजे कितीही आले तरी थोडे होते, आणि हातानं फिरवायच्या गोल यंत्रांवर स्वयंसेवक बायकांनी रेडक्रॉससाठी ते विणले. पाय लाखोंनी हजर होते. युद्ध संपलं, पाय घरी गेले, यंत्रं मात्र राहिली. मग १९२०च्या दशकात अमेरिकेत बफेलोच्या ‘ऑटो निटर’ कंपनीच्या जाहिराती आल्या: यंत्र विकत घ्या, घरबसल्या मोजे विणा, आमच्या कसोटीला उतरले तर आम्हीच विकत घेऊ. या वाक्यातलं ‘यंत्र विकत घ्या’ एवढं बिनशर्त आहे, हे आपल्याकडच्या पापड-लोणच्यांच्या योजनांतून गेलेल्या वाचकाच्या लगेच ध्यानात येईल.

माझ्या म्हणण्यावर पहिला आक्षेप थंडीचा. शरीराची निम्मी उष्णता डोक्यातून निघून जाते, तेव्हा टोप्या कितीही असल्या तरी कमीच, असं लहानपणापासून कानी पडत आलेलं असतं. या समजुतीचं मूळ १९५०च्या सुमाराच्या अमेरिकी लष्कराच्या प्रयोगांत असल्याचं सांगतात: माणसांना ऊबदार पोशाख चढवून गारठ्यात उभं केलं होतं आणि डोकं तेवढं उघडं होतं. उष्णता मग जाणार कुठून? प्रौढ माणसाचं डोकं म्हणजे त्याच्या एकूण त्वचेचा दहावा हिस्सा, आणि उष्णताही साधारण त्याच प्रमाणात जाते, असा खुलासा २००८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दोन डॉक्टरांनी केला. तरीही थंडीत टोपी हवी, हे खरंच. पण किती हव्यात? निफाडचा पारा उतरला की आपल्याकडे पहिल्या पानावर बातमी येते; बातमी येते याचाच अर्थ ते रोज घडत नाही. टोरांटोतल्या मराठी माणसाला चार-पाच महिने कान झाकावे लागतात, पण एका वेळी एकाच टोपीनं. शिवाय अ‍ॅक्रिलिकची टोपी मरत नाही. ती विटत नाही, कसर लागत नाही, वॉशिंग मशीनमधून शंभर वेळा निघाली तरी चेहरा न बदलता बाहेर येते. या मालाला नैसर्गिक मागणी एकच आहे: लोक टोप्या बसमध्ये विसरतात. एका तासाला दोन या वेगानं टोप्या विसरणारं कुटुंब सापडलं, तर यंत्राचा आणि त्यांचा हिशेब बरोबर जुळेल.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: स्वतःसाठी नसतील लागत, दान करा. याची थट्टा करवत नाही, कारण नवजात बाळाचं डोकं त्याच्या अंगाच्या मानानं मोठं असतं आणि त्याला टोपडं खरोखरच लागतं. अंगडं-टोपडं घेऊन बाळ बघायला जाण्याची आपली रीत वैद्यकशास्त्राला धरून आहे. केमोथेरपीत केस गेलेल्यांना, रस्त्यावर झोपणाऱ्यांना टोपी लागते. पण दान घेणाऱ्यांनाही मापं असतात. बाळाच्या डोक्याचा घेर पस्तीसेक सेंटिमीटर. मोठ्या यंत्राची नेहमीच्या लोकरीची टोपी त्याला हनुवटीपर्यंत येते. गोंडा तोंडात जाईल म्हणून नको. खरखरीत लोकर नको. म्हणजे पुन्हा तेच, डोकं आधी आणि टोपी नंतर, आणि यंत्राला हा क्रम मान्य नाही. विणणाऱ्यांचा उत्साह गरजेपेक्षा मोठा झाला की काय होतं, याचे दोन दाखले बोलके आहेत. ब्रिटनमध्ये ‘इनोसेंट’ या पेयांच्या कंपनीनं २००३ पासून वृद्धांना मदत करणाऱ्या संस्थेसाठी उपक्रम चालवला: लोकांनी चिमुकल्या टोप्या विणून पाठवायच्या, त्या कंपनीनं बाटल्यांच्या बुचांवर चढवायच्या, आणि विकल्या गेलेल्या प्रत्येक टोपीवाल्या बाटलीमागे पंचवीस पेन्स संस्थेला द्यायचे. पैसे सत्कारणी लागले, यात शंका नाही. पण माणसांची डोकी अपुरी पडल्यावर टोपी बाटलीवर गेली, याचीही नोंद घ्यायला हवी. ऑस्ट्रेलियात फिलिप बेटावर तेलगळतीत माखलेल्या छोट्या पेंग्विनांनी चोचीनं तेल गिळू नये म्हणून त्यांना लोकरी स्वेटर चढवतात. आवाहन निघालं, तेव्हा जगभरातून इतके स्वेटर आले की तेवढे पेंग्विन तेलात पडणं कोणालाच परवडलं नसतं. उरलेले स्वेटर खेळण्यातल्या पेंग्विनांना घालून ती खेळणी मदतीसाठी विकली.

तिसरा आक्षेप हातानं विणणाऱ्यांचा, आणि तो माझ्या बाजूचा वाटला तरी मला मान्य नाही. त्या म्हणतात, हे विणकामच नव्हे, ही फसवणूक आहे. हँडल काय कोणीही फिरवील. टाका काही असं मानत नाही. दोन सुयांवर घातलेला सुलट टाका आणि यंत्रावरचा सुलट टाका शेजारी ठेवले तर भिंगातूनही वेगळे सांगता येणार नाहीत. सांगता आलेच तर यंत्राचा जास्त सारखा असेल. फरक मालात नाही, संख्येत आहे. दोन सुयांचं विणकाम संथ होतं हाच त्याचा सगळ्यात मोठा सद्गुण होता, आणि तो कोणाच्या लक्षात आला नाही. एक मावशी एका हिवाळ्यात किती टोप्या विणणार? भाचरं जितकी असतील तितक्या, आणि धाकट्याची बहुधा पुढल्या वर्षीवर जाणार. पुरवठा आपोआप गरजेच्या एक पाऊल मागे राहायचा. म्हणून तर टोपीला किंमत होती आणि धाकटा रुसायचा. आज त्याच मावशीनं शनिवारी सकाळी हँडल धरलं तर रविवारी संध्याकाळी सगळी भाचरं, त्यांचे मित्र, सोसायटीचा रखवालदार आणि दुधवाला यांच्या टोप्या तयार असतात, आणि सोमवारी तिला बघून लोक जिना बदलतात.

शेवटचा आक्षेप मात्र मला पूर्ण पटतो. टोपीसाठी नव्हे, फिरवण्यासाठी फिरवतो, असं सांगणारे पुष्कळ आहेत. संधिवातानं बोटं आखडलेल्या माणसाला सुया धरवत नाहीत, पण हँडल फिरवता येतं; डोक्याला ताप न देता हाताला काम मिळतं; समोर काहीतरी वाढताना दिसतं. याहून चांगलं कारण कोणत्याही छंदाला लागत नाही. फक्त, हे खरं असेल तर ते शेवटपर्यंत खरं ठेवायला हवं. एकाच धाग्याच्या सुलट विणीची नळी उसवायला जगात सर्वांत सोपी असते: शेवटचं टोक सोडवायचं, ओढायचं, आणि १२० फेऱ्या सरसर परत धागा होतात. तेव्हा टाके ओवू नयेत, चुण्या घालू नयेत, टोकं लपवू नयेत, गोंडा तर मुळीच लावू नये. नळी उतरली की उसवावी. धाग्याला कुरळेपणा आला तर त्याची लडी करून ओली करावी आणि खाली वजन बांधून वाळत टाकावी. तो सरळ होतो. मग पुन्हा गुंडा करून पुन्हा यंत्रावर. फिरवण्याचा आनंद तोच, आणि अप्रिय कामं सगळी वगळलेली. सतत उसवून धागा झिजेल अशी भीती लोकरीच्या बाबतीत रास्त आहे. अ‍ॅक्रिलिकच्या बाबतीत नाही, त्याचा दोनशे ग्रॅमचा एक गुंडा धडधाकट माणसाला जन्मभर पुरावा. रंग तेवढा विचार करून घ्यावा.